त्रिमितीय सदिशांचे संरेखन

त्रिमितीय सदिशांचे संरेखन म्हणजे अवकाशातील एक सदिश मूळबिंदूभोवती फिरवून दुसऱ्या दिलेल्या सदिशाच्या दिशेशी तंतोतंत जुळविणे आणि ते घडवून आणणारे परिवलन शोधून काढणे होय. भूमिती आणि रेषीय बीजगणित यांच्या सीमेवरचा हा एक मूलभूत प्रश्न आहे. दुर्बिणीची तबकडी ताऱ्याकडे वळविणे, उपग्रहाची सौरपट्टी सूर्यासमोर आणणे, यंत्रमानवाचा पंजा वस्तूच्या रोखाने करणे किंवा संगणकाच्या पडद्यावरील बाणाचे टोक लक्ष्याकडे वळविणे, या सर्वांच्या मुळाशी हाच प्रश्न असतो.

प्रश्न दिसावयास सोपा आहे, परंतु त्याचे उत्तर एकमेव नाही. एका सदिशाला दुसऱ्यावर नेणारी परिवलने अनंत असतात. त्यांपैकी सर्वांत लहान कोनातून फिरविणारे परिवलन सहसा निवडले जाते व त्यासाठी एक सुटसुटीत सूत्र उपलब्ध आहे. दोन्ही सदिश एकमेकांच्या नेमके विरुद्ध असतील तेव्हा मात्र हे सूत्र निकामी होते. हा दोष सूत्र रचणाऱ्याच्या हातून राहिलेला नाही, तो गोलाच्या पृष्ठभागाच्या स्वभावातूनच येतो. कोणतेही दुसरे सूत्र योजले तरी तो कोठे ना कोठे शिल्लक राहतोच.

पूर्वपीठिका

सदिशाला लांबी आणि दिशा असतात. परिवलनाने लांबी बदलत नाही, त्यामुळे ३ एकक लांबीचा सदिश कितीही फिरविला तरी तो ५ एकक लांबीच्या सदिशाशी एकरूप होणार नाही, फक्त त्याच्या दिशेत येईल. म्हणून आरंभीच दोन्ही सदिशांना आपापल्या लांबीने भागून एकक सदिश करून घेतात. या लेखात अ आणि ब हे असे एकक सदिश आहेत. अ फिरवून ब वर न्यावयाचा आहे. शून्य सदिशाला दिशाच नसल्याने तो येथे वर्ज्य आहे.

दोन सदिशांतील नाते सांगणारी दोन साधने आपल्याजवळ असतात. अदिश गुणाकार अ · ब ही एक संख्या असते. सदिश एकक असल्याने ती त्यांच्यातील कोनाच्या कोज्येइतकी येते. सदिश गुणाकार अ × ब हा स्वतः एक सदिश असतो. तो अ आणि ब या दोहोंना लंब असतो व त्याची लांबी कोनाच्या ज्येइतकी असते. त्याची दिशा उजव्या हाताच्या नियमाने ठरते: उजव्या हाताची बोटे अ कडून ब कडे वळविली असता आंगठा ज्या बाजूला राहतो, ती अ × ब ची दिशा. येथे गुणाकाराचा क्रम महत्त्वाचा आहे. क्रम उलटविला की दिशा उलटते, आणि परिवलन चुकीच्या बाजूस होते. विद्यार्थ्यांच्या वह्यांत आढळणाऱ्या चुकांपैकी ही सर्वांत सामान्य चूक असावी.

ज्या आणि कोज्या हे शब्द आपल्याकडचे आहेत, हे जाता जाता नोंदविण्यासारखे आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटांच्या ग्रंथात अर्धज्येची कोष्टके आहेत. संस्कृतातील ‘जीवा’ अरबीत गेली, तेथे तिचे वाचन बदलले, आणि लॅटिन अनुवादातून ती ‘साइन’ होऊन शाळेच्या पुस्तकात परत आली.

उत्तर एकच का नसते

क्ष-अक्षावरील एकक सदिश (१, ०, ०) हा य-अक्षावरील (०, १, ०) या सदिशावर न्यावयाचा आहे असे समजू. पहिला मार्ग उघड आहे: झ-अक्षाभोवती ९० अंशांतून फिरवावे. परंतु (१, १, १) या दिशेतील अक्षाभोवती १२० अंशांतून फिरविले, तरी क्ष-अक्ष य-अक्षाच्या जागी जातो. त्या वेळी य-अक्ष झ-अक्षाच्या जागी व झ-अक्ष क्ष-अक्षाच्या जागी जातो, म्हणजे तिन्ही अक्ष चक्राकार जागा बदलतात. तिसराही मार्ग आहे. (१, १, ०) या दिशेतील अक्षाभोवती १८० अंशांतून फिरविले, तर क्ष आणि य यांची अदलाबदल होते व झ-अक्ष उलटा होतो. तिन्ही मार्गांनी (१, ०, ०) हा (०, १, ०) वरच पोहोचला. फरक पडला तो त्याच्यासोबत फिरणाऱ्या बाकीच्या अवकाशात.

याचे कारण समजण्यास सोपे आहे. पेन्सिलीचे टोक एकदा लक्ष्याकडे झाले की ती पेन्सिल स्वतःच्याच अक्षाभोवती कितीही फिरविली तरी टोक लक्ष्याकडेच राहते. म्हणून अ ला ब वर नेणारे कोणतेही एक परिवलन घ्यावे आणि त्यानंतर ब भोवती वाटेल तितक्या कोनाचा पीळ द्यावा. जे मिळेल तेही प्रश्नाचे उत्तरच असते. या सर्व परिवलनांचे अक्ष अ आणि ब पासून समदूर असणाऱ्या प्रतलात असतात, कारण अक्षाचा फिरणाऱ्या सदिशाशी असलेला कोन परिवलनात कायम राहतो. वरच्या उदाहरणातील तिन्ही अक्ष क्ष = य या प्रतलात आहेत, हे वाचकाने पडताळून पाहावे. या प्रतलात अक्ष जेव्हा अ आणि ब या दोहोंना लंब असतो तेव्हा परिवलनाचा कोन सर्वांत लहान असतो, आणि तो दोहोंच्या बरोबर मधोमध आला की कोन १८० अंश होतो.

लघुतम परिवलन व त्याचे सूत्र

अवकाशातील एक बिंदू स्थिर ठेवून दृढ वस्तू कशीही हलविली, तरी तिची अंतिम स्थिती एखाद्या अक्षाभोवतीच्या एकाच परिवलनाने मिळविता येते, हे प्रमेय लिओनार्ड ऑयलर यांनी १७७५-७६ च्या सुमारास मांडले. अक्ष ध (एकक सदिश) आणि कोन थ ठाऊक असल्यास कोणत्याही सदिश स चे परिवलित रूप पुढील सूत्राने मिळते:

स′ = स कोज्या थ + (ध × स) ज्या थ + ध (ध · स)(१ − कोज्या थ)

हे सूत्र ओलांद रॉड्रिग्ज यांच्या नावाने ओळखले जाते. रॉड्रिग्ज (१७९५–१८५१) हे बोर्दो येथे जन्मलेले फ्रेंच गृहस्थ व्यवसायाने बँकर आणि विचाराने सेंट-सायमन या समाजवादी विचारवंताचे अनुयायी होते. परिवलनांच्या संयोगावरचा त्यांचा मूलगामी निबंध १८४० साली प्रसिद्ध झाला. पुढे त्यांचा इतका विसर पडला की एली कार्तां यांच्यासारख्या थोर गणितज्ञाच्या ग्रंथातही ‘ओलांद’ आणि ‘रॉड्रिग्ज’ अशा दोन व्यक्ती मानल्या गेल्या.

लघुतम परिवलनाचा अक्ष अ × ब च्या दिशेत असतो. आता प = अ × ब आणि ग = अ · ब असे लिहू. वरवर पाहता प ला त्याच्या लांबीने भागून अक्ष काढावा, ग पासून कोन काढावा, त्या कोनाच्या ज्या-कोज्या पुन्हा काढाव्यात, असा द्राविडी प्राणायाम करावा लागेल असे वाटते. प्रत्यक्षात कोन मोजण्याचे कारणच नाही. कोज्या थ म्हणजे ग, आणि ध ज्या थ म्हणजे प. अडचण फक्त शेवटच्या पदात येते. तेथे (१ − ग) ला प च्या लांबीच्या वर्गाने भागावे लागते. तो वर्ग म्हणजे १ − ग², आणि १ − ग² = (१ − ग)(१ + ग) हे इयत्ता आठवीतले अवयव आहेत. वरचा व खालचा (१ − ग) निघून जातो व छेदात केवळ १ + ग उरतो. परिवलनाचा आव्यूह, म्हणजे ज्याला महाविद्यालयात सर्रास मॅट्रिक्स म्हणतात ती संख्यांची चौकट, अशी मिळते:

र = ए + [प] + [प]² ÷ (१ + ग)

येथे ए हा एकक आव्यूह आहे. [प] हा ‘प शी सदिश गुणाकार करणे’ या क्रियेचा आव्यूह असून प चे घटक प१, प२, प३ असल्यास त्याच्या ओळी अनुक्रमे (०, −प३, प२), (प३, ०, −प१) आणि (−प२, प१, ०) अशा असतात. सदिश स्तंभरूपात लिहून आव्यूहाने डावीकडून गुणावयाचे, हा संकेत येथे पाळला आहे. उलट संकेत पाळणाऱ्या ग्रंथांत व संगणकप्रणालींत हाच आव्यूह ओळी-स्तंभ अदलाबदल करून दिलेला असतो. तो तसाच उचलल्यास परिवलन उलट दिशेने होते.

सूत्र खरोखर अ ला ब वर नेते का, हे दोन ओळींत तपासता येते. प × अ चा विस्तार केला की ब − ग अ मिळते. पुन्हा प ने गुणले की −(१ − ग²) अ मिळते, आणि ते १ + ग ने भागले की −(१ − ग) अ. आता तिन्ही पदांची बेरीज करावी: अ + (ब − ग अ) − (अ − ग अ). अ ची सर्व पदे एकमेकांना छेदतात व ब तेवढा उरतो. सूत्र पाठ करण्यापेक्षा ही दोन ओळींची पडताळणी एकदा स्वतः करून पाहणे अधिक उपयोगाचे आहे. ती केली की सूत्रातले चिन्ह कधी चुकत नाही.

सोडविलेले उदाहरण

अ = (०, ०, १) आणि ब = (२/३, १/३, २/३) घेऊ. ब ची लांबी ४/९ + १/९ + ४/९ चे वर्गमूळ, म्हणजे १ आहे. अदिश गुणाकार ग = २/३ येतो, म्हणजे कोन सुमारे ४८.१९ अंशांचा आहे. हा कोन केवळ माहितीसाठी सांगितला, पुढे तो लागत नाही. सदिश गुणाकार प = (−१/३, २/३, ०), आणि १ + ग = ५/३. सूत्रात किमती घालून मिळणारा आव्यूह असा:

पहिली ओळ: ११/१५, −२/१५, २/३
दुसरी ओळ: −२/१५, १४/१५, १/३
तिसरी ओळ: −२/३, −१/३, २/३

अ हा झ-अक्षावर असल्याने अ वर या आव्यूहाची क्रिया केली की तिसरा स्तंभ मिळतो. तो (२/३, १/३, २/३) म्हणजे ब आहे. उत्तर खरोखर परिवलन आहे हे ओळींवरून कळते. पहिल्या ओळीतील संख्यांच्या वर्गांची बेरीज १२१/२२५ + ४/२२५ + १००/२२५ = १ येते. पहिल्या आणि दुसऱ्या ओळींचा अदिश गुणाकार −२२/२२५ − २८/२२५ + ५०/२२५ = ० येतो. उरलेल्या जोड्यांचेही तसेच. एकाही वर्गमुळाची गरज न पडता सर्व उत्तरे साध्या अपूर्णांकांत आली, हे या सूत्राचे मोठे सुख आहे.

दोन आरसे आणि क्वाटर्निअन

हाच प्रश्न आरशांच्या साहाय्याने फार सुंदर रीतीने समजतो. अ ला ब वर नेण्यासाठी एकच आरसा पुरतो: अ आणि ब यांच्यापासून समदूर असणाऱ्या प्रतलात आरसा धरला की अ चे प्रतिबिंब ब वर पडते. पण आरशात उजव्या हाताचा डावा हात होतो, त्यामुळे हे परिवलन नव्हे. दुसरा आरसा आणला की डाव्याचा पुन्हा उजवा होतो. दोन आरशांतील परावर्तनांचा संयोग हे नेहमी परिवलन असते, व त्याचा कोन आरशांमधील कोनाच्या दुप्पट असतो.

अ आणि ब यांच्या बरोबर मधल्या दिशेचा एकक सदिश म मानू. तो अ + ब ला त्याच्या लांबीने भागून मिळतो. पहिला आरसा अ ला लंब धरावा, त्यात अ उलटून −अ होतो. दुसरा आरसा म ला लंब धरावा, त्यात −अ चे प्रतिबिंब ब वर येते. आरशांमधील कोन थ च्या निम्मा असल्याने एकूण परिवलन थ इतकेच, अ आणि ब यांच्या प्रतलातच होते. म्हणजे हेच ते लघुतम परिवलन.

अर्ध्या कोनाची ही कल्पना क्वाटर्निअन या संख्यांच्या मुळाशी आहे. आयरिश गणितज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टन यांना १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमधील रॉयल कालव्याच्या काठाने चालताना या चार घटकांच्या संख्यांचा गुणाकारनियम सुचला, आणि त्यांनी तो ब्रूम पुलाच्या दगडावर कोरला. परिवलनांच्या संयोगात अर्धा कोन येतो हे रॉड्रिग्ज यांनी तीन वर्षे आधीच लिहून ठेवले होते. श्रेय मात्र पुलाकडे गेले.

क्वाटर्निअनमध्ये उत्तर आणखी आटोपशीर होते. पहिला घटक १ + ग, उरलेले तीन घटक प चे, आणि चारही घटकांना एकूण लांबीने भागावयाचे, इतकेच. वरच्या उदाहरणात ते (५, −१, २, ०) ला ३० च्या वर्गमुळाने भागून मिळते. चारच संख्या साठवाव्या लागत असल्याने आणि मधल्या स्थिती सहज काढता येत असल्याने संगणकीय चित्रणात व अवकाशयानांच्या नियंत्रणात ही रीत रुळली आहे.

परस्परविरुद्ध सदिश

दोन्ही सदिश एकाच दिशेत असतील तर काही अडचण नाही. तेव्हा प शून्य होतो, ग = १ होतो आणि सूत्र एकक आव्यूह देते, म्हणजे काहीच फिरवू नका असे सांगते. परंतु ब = −अ असेल तर प शून्य आणि १ + ग देखील शून्य. शून्याला शून्याने भागण्याची वेळ येते. भूमितीही तेच सांगते. उत्तर ध्रुवावरून दक्षिण ध्रुवावर जाण्यासाठी प्रत्येक रेखावृत्त सारखेच जवळचे आहे, मग कोणते निवडावे?

व्यवहारात येथे स्वतंत्र वाट काढतात. अ ला लंब असलेला कोणताही अक्ष निवडून त्याभोवती १८० अंशांतून फिरवावे. लंब अक्ष मिळविण्यासाठी अ चा जो घटक सर्वांत लहान असेल त्या निर्देशक अक्षाशी अ चा सदिश गुणाकार करतात. सर्वांत लहान घटक घेण्याचे कारण असे की तो अक्ष अ शी समांतर असण्याची भीती उरत नाही. अ = (१/३, २/३, २/३) असल्यास क्ष-अक्ष निवडावा. गुणाकार (०, २/३, −२/३) येतो. त्याच्याभोवती अर्धे परिवलन केल्यास क्ष-घटकाचे चिन्ह बदलते, य आणि झ घटकांची चिन्हे बदलून अदलाबदल होते, आणि अ चा −अ होतो.

हा अपवाद टाळणारे, सर्व दिशांना सारखे लागू पडणारे एखादे अधिक चतुर सूत्र नसेल का? नाही. त्याचे कारण नारळावरून समजते. सोललेल्या नारळाच्या अंगावर सर्वत्र केस आहेत आणि ते सर्व पृष्ठालगत, कोठेही एकदम दिशा न बदलता विंचरावयाचे आहेत असे समजा. कितीही प्रयत्न केला तरी एखाद्या ठिकाणी भोवरा किंवा टक्कल राहतेच. गोलपृष्ठाविषयीचे हे प्रमेय आंरी प्वँकारे यांनी १८८५ साली सिद्ध केले आणि १९१२ साली लुइट्झेन ब्रौवर यांनी ते अधिक मितींच्या गोलांसाठी विस्तारले.

आता अ स्थिर ठेवून प्रत्येक ब साठी एक परिवलन देणारे, कोठेही उडी न मारणारे सूत्र सापडले आहे असे क्षणभर मानू. अ ला लंब असा एक एकक सदिश ट निवडावा. अ ब वर गेला की ट हा ब ला लंब होऊन बसेल, म्हणजे गोलपृष्ठावर ब या जागी पृष्ठालगत एक केस उभा राहील. सर्व ब साठी असे केले की संपूर्ण गोल भोवऱ्याविना विंचरला जाईल, आणि हे तर अशक्य. म्हणून असे सूत्र असू शकत नाही. लघुतम परिवलनाच्या सूत्राने हा भोवरा −अ या एकाच बिंदूवर ढकलला आहे, त्याहून अधिक अपेक्षा करता येत नाही. प्रतलात, म्हणजे दोन मितींत, ही अडचण मुळीच नसते. गंमत अशी की चार मितींतही ती नसते, कारण तेथे क्वाटर्निअनचा गुणाकार मदतीला येतो. आपल्या तीन मितींत मात्र ती आहे.

आकडेमोडीतील दक्षता

संगणक मर्यादित अंकांत मोजतो, त्यामुळे बरोबर सूत्रही चुकीचे उत्तर देऊ शकते. ग ची किंमत १ पेक्षा अधिक असू शकत नाही, पण गणनेत ती १.०००००००००२ अशी येऊ शकते. तिच्यावरून कोन काढू गेल्यास संगणक तक्रार करतो. शिवाय लहान कोन कोज्येवरून काढणे मुळातच धोक्याचे आहे. १ मिनिट कोनाची कोज्या सुमारे ०.९९९९९९९६ असते. ती सात दशांश स्थळांपर्यंत लिहिली तर १.००००००० अशीच दिसते व कोन शून्य ठरतो. त्याच कोनाची ज्या ०.०००२९०९ इतकी स्पष्ट दिसते. म्हणून कोन हवाच असेल तर तो प ची लांबी आणि ग या दोहोंच्या गुणोत्तरावरून, स्पर्शज्येच्या साहाय्याने काढावा. सदिश जवळजवळ विरुद्ध असतील तेव्हा १ + ग फार लहान होते आणि प ची दिशा उरल्यासुरल्या चुकांवरच अवलंबून राहते. अशा वेळी वर सांगितलेली १८० अंशांची वाट धरणे किंवा मधला एखादा सदिश घेऊन दोन टप्प्यांत जाणे बरे.

उरलेला पीळ

केवळ दिशा जुळविली तर पीळ मोकळा राहतो. तो लघुतम परिवलनाने निश्चित केला तरी एक आश्चर्य शिल्लक राहते. उजवा हात शरीरालगत सरळ खाली सोडावा, आंगठा समोर. मनगट न पिळता हात बाजूला खांद्याच्या उंचीपर्यंत उचलावा, आंगठा अजून समोरच आहे. आता हात आडवाच ठेवून समोर आणावा, आंगठा डावीकडे होतो. मग हात सरळ खाली सोडावा. हात पूर्वीच्याच जागी आला, पण आंगठा समोर नसून डावीकडे, मांडीकडे वळलेला आहे. प्रत्येक हालचाल लघुतम परिवलनाचीच होती, तरी शेवटी ९० अंशांचा पीळ जमा झाला. हात ज्या मार्गाने गेला त्याने गोलपृष्ठाचा आठवा भाग वेढला होता, आणि जमा झालेला पीळ नेहमी वेढलेल्या क्षेत्रफळाइतकाच असतो. वर्गात हा प्रयोग करावयास फळा-खडूही लागत नाही.

पीळ निश्चित करावयाचा तर दुसरी एखादी दिशा ठाऊक असावी लागते. छायाचित्रणात ती ‘वर’ची दिशा असते. अवकाशयानात सूर्याची दिशा आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा, अशा दोन दिशांवरून यानाची संपूर्ण स्थिती काढण्याची रीत हॅरोल्ड ब्लॅक यांनी १९६४ साली दिली. अनेक दिशांची, थोड्याफार सदोष मोजमापांची सर्वोत्तम जुळणी कशी करावी हा प्रश्न ग्रेस वाहबा यांनी १९६५ साली मांडला, व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

या पिळाची दोन निरनिराळी रूपे भारतातील दोन रेडिओ दुर्बिणींत दिसतात, आणि दोन्हींमागे गोविंद स्वरूप यांचीच दृष्टी आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतील प्रत्येक तबकडी दोन अक्षांभोवती फिरते: उभ्या अक्षाभोवती दिगंश बदलतो आणि आडव्या अक्षाभोवती उन्नतांश. तबकडी स्रोताकडे नेमकी वळते, पण लघुतम परिवलनाने नव्हे. तिचा पीळ या दोन अक्षांच्या रचनेने ठरतो, त्यामुळे स्रोत पूर्वेकडून पश्चिमेकडे जात असताना तबकडीच्या दृष्टीने आकाशाचा तो तुकडा हळूहळू फिरत राहतो. रेडिओ लहरींच्या ध्रुवणाची मोजमापे करताना हा फरक हिशेबात घ्यावा लागतो. अशा दोन अक्षांच्या रचनेत स्रोत माथ्याच्या अगदी जवळून जात असेल तर दिगंश काही क्षणांत जवळजवळ १८० अंशांनी बदलावा लागतो. माथ्यावर दिगंशाला अर्थच राहत नाही. नारळावरचा भोवरा येथे आकाशाच्या मध्यावर येऊन बसलेला असतो.

तमिळनाडूतील उटीच्या दुर्बिणीत याच्या उलट युक्ती आहे. ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी ही पन्हाळीच्या आकाराची दुर्बीण उत्तर-दक्षिण उताराच्या एका डोंगरावर उभारली आहे. त्या उताराचा कोन सुमारे ११ अंश, म्हणजे तेथील अक्षांशाइतकाच असल्याने दुर्बिणीचा लांब अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो. पृथ्वी ज्या अक्षाभोवती फिरते त्याच अक्षाभोवती दुर्बीण उलट फिरविली की स्रोत पुढ्यात राहतो, आणि पीळ पडत नाही. १९७० पासून ती कार्यरत आहे.